फ्री डिशची छत्री नीट कशी लावायची: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

डीडी फ्री डिशचं चित्र अडकतंय, पडद्यावर चौकटी पडतायत किंवा साधी भुरभुर सुरू झाली तरी चॅनेल जातायत, तर लगेच नवा बॉक्स आणू नका. बहुतेक वेळा छत्री एखाद-दोन अंशांनी सरकलेली असते, कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं, नाहीतर समोर नवं बांधकाम उभं राहिलेलं असतं. आपल्याकडे हे तिसरं कारण सगळ्यात आधी तपासायला हवं. ते खरं निघालं तर बाकी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ठाण्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१ अंशांवर असतो आणि क्षितिजापासून ५७ ते ५८ अंश वर. वाशी, बेलापूर, पनवेल कुठेही गेलात तरी या आकड्यांत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. इतक्या उंचावर असल्यामुळे पारसिकचा डोंगर आड येत नाही, येऊर तर पाठीमागे राहतो. आड येतात त्या इमारती.

त्याचा हिशेब सोपा आहे. समोरची इमारत तुमच्या छत्रीपेक्षा जितकी उंच, तिच्या ०.६४ पट तरी ती लांब हवी. म्हणजे ३० मीटर उंच असेल तर निदान २० मीटर अंतर. घोडबंदर रोडवर किंवा खारघरला टॉवरच्या रांगेत राहत असाल तर हे गणित आधी करा आणि मगच भिंतीला ड्रिल लावा. झाडालाही हाच नियम. शिवाय उन्हाळ्यात विरळ असलेलं झाड पावसाळ्यात दाट होतं, हे धरून चाला.

बाल्कनीत अडचण वरच्या मजल्याच्या स्लॅबची असते. इथे लोक छत्री उंच बांधायला जातात आणि तिथेच चुकतं. छत्री स्लॅबच्या जितकी खाली, तितकी मोकळी. पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत, छत्री स्लॅबच्या १ मीटर खाली असेल तर ती स्लॅबच्या कडेपासून आत फार तर ४० सेंटिमीटर चालेल. २ मीटर खाली असेल तर ८० सेंटिमीटर. कठडा काँक्रीटचा असेल तर छत्री त्याच्याही वर यायला हवी. तोंड उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर बाल्कनीचा नाद सोडा, गच्चीच गाठा.

जागा मोकळी आहे का, हे सूर्य स्वतः दाखवतो. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास १० वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे असतो. त्या वेळी तुमच्या जागेवर ऊन पडलं तर वाट मोकळी, सावली पडली तर कुणीतरी आड आहे. याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप परत येतं. तेव्हा छत्रीला हात लावू नका.

गच्चीवर काम करायचं तर आधी सोसायटीची परवानगी घ्या. स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जुलैत खालच्या घरात गळती लागते. पॅरापेटच्या भिंतीला अँकर बोल्ट मारा. वाकून काम करायची वेळ येईल अशी कड टाळा आणि ढग गडगडत असताना वर जाऊच नका. खांब ओळंब्यात उभा हवा. तो तिरका असला तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि सिग्नल हाती लागत नाही.

आता दिशा. होकायंत्र पाण्याची टाकी, लोखंडी ग्रिल आणि केबलच्या जाळ्यापासून दोन-तीन मीटर लांब धरून वाचा. मुंबई परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, त्यामुळे आकडा थेट घ्या. छत्री दिसायला आकाशाकडे कमी वळलेली वाटते, त्याने गोंधळू नका. घरगुती छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे त्यांची नजर पत्र्याच्या तोंडापेक्षा बरीच वर असते. त्यांचा पत्रा उभ्या रेषेपासून साधारण ३०-३५ अंश मागे कललेला असला की किरण ५७ अंशांवरून येतो. मागच्या ब्रॅकेटवर अंश कोरलेले असतील तर तिथे ५७ धरा.

बॉक्समध्ये उपग्रह ९३.५ अंश निवडा, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग) युनिव्हर्सल म्हणजे ९७५०/१०६०० ठेवा आणि एलएनबी पॉवर चालू करा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी फक्त एवढंच सांगते की केबल आणि एलएनबी जिवंत आहेत. छत्री भिंतीकडे वळवली तरी ती बरीच भरलेली असते. बघायची ती दुसरी पट्टी, क्वालिटीची.

६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड ५ मिलिमीटर सरकली की छत्री एक अंश फिरते, आणि तिची नजर जेमतेम तीन अंशांची. म्हणून कड अर्धा सेंटिमीटर सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग पुढे. बॉक्सची पट्टी उशिरा हलते. भराभर फिरवणाऱ्याला सिग्नल येऊन गेलेलाही कळत नाही. १३१ च्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश शोधून काही मिळालं नाही तर उंची दोन अंशांनी बदला आणि पुन्हा सुरुवात करा.

ब्लाइंड स्कॅनमध्ये (बॉक्स आपोआप सगळे चॅनेल शोधतो तेव्हा) भलतेच, पैसे भरायचे चॅनेल दिसले तर बहुधा ९५ अंशांवरचा शेजारी, म्हणजे डिश टीव्ही वापरते तो उपग्रह, लागलेला असतो. छत्री दोन अंश दक्षिणेकडे आणि सव्वाएक अंश वर न्या.

क्वालिटी आली की ती सर्वाधिक दिसली म्हणून तिथेच बोल्ट आवळू नका. डावीकडे ती कुठे पडते आणि उजवीकडे कुठे, दोन्ही जागी पेन्सिलने खूण करा आणि मध्यावर आणा. मग उंचीचं तेच. शेवटी एलएनबी गळ्यात दहा-दहा अंश फिरवून पाहा. बोल्ट आलटून-पालटून, पट्टीवर नजर ठेवत आवळा. शेवटच्या आवळण्यातच छत्री सरकते.

केबल आरजी-६ घ्या. १ गिगाहर्ट्झला १०० मीटरमागे सिग्नलचे साधारण २० डेसिबल कमी होतात, त्यामुळे घरगुती २०-२५ मीटर लांबीला अॅम्प्लिफायर लागत नाही. कनेक्टर बसवताना केबलमधल्या जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकू देऊ नका, शॉर्ट होऊन एलएनबी बंद पडतो. मल्टिमीटरने केबलच्या टोकाला १३ किंवा १८ व्होल्ट मिळायला हवेत. एलएनबीजवळ केबल खाली झोळासारखी सोडा, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरकडे न जाता खाली गळतं. वरून सेल्फ-बाँडिंग (स्वतःलाच चिकटणारी) टेप लावा. खाडीजवळ खाऱ्या हवेने बोल्ट लवकर गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. तांबं काळं पडलं असेल तर केबल लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापा.

मुसळधार सरीत थोडा वेळ चित्र जाणं स्वाभाविक आहे. या लहरी पाण्यात शोषल्या जातात. दर पावसात जात असेल आणि वरचं सगळं ठीक असेल तर ९० सेंटिमीटरची छत्री लावा, साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. मोठ्या छत्रीची नजर मात्र आणखी बारीक असते आणि वाऱ्याचा जोरही तिच्यावर सव्वादोन पट, म्हणून खांब आणि अँकर त्या मानाने जाड घ्या.