ट्रॉलीच्या हबचं बेअरिंग बदलताना

गळीत हंगाम सुरू होण्याआधी उसाच्या ट्रॉलीचं एकेक चाक जॅकवर घ्या. टायर वर-खाली धरून हलवा. डुगडुगलं तर प्ले, म्हणजे सैलपणा, आलाय. मग हातानं फिरवा. खरखर ऐकू आली किंवा मध्येच अडकलं, तर नट आवळून भागणार नाही, बेअरिंग बदलावंच लागेल.

ट्रॉली रिकामी आणि ट्रॅक्टरला जोडलेलीच हवी. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट टायर जमिनीवर असतानाच सैल करा. उचलल्यावर एक्सलखाली जाड लाकडी ठोकळे रचा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

हबात, म्हणजे एक्सलवर फिरणाऱ्या चाकाच्या मधल्या भागात, सहसा दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आत मोठं आणि बाहेर लहान. टोपी, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपाती पिन), एक्सलच्या टोकाचा नट, वॉशर काढून हब जरा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं.

जुनं बेअरिंग डिझेलनं धुऊन नीट बघा. रोलरवर गंजाचे खड्डे असतील तर सीलमधून (हबात पाणी-धूळ जाऊ न देणारी रबरी कडी) पाणी शिरलंय. निळसर रंग आला असेल तर नट फार आवळलेला होता किंवा ग्रीस संपलं होतं. कारण न शोधता नवं घातलं तर तेही तसंच जाईल.

दुकानात जुन्यावर कोरलेला नंबर दाखवा. शेवटच्या दोन आकड्यांना 5 नं गुणलं की आतला व्यास मिळतो: 32213 चा 65 मिमी. 30210 आणि 32210 मध्ये मात्र गफलत होते. दोन्ही आतून 50, बाहेरून 90 मिमी. पण 32210 हे 3 मिमी जास्त रुंद. बसतं व्यवस्थित, मग नट पुरेसा आत जात नाही आणि पिनचं भोक जुळत नाही.

कप, म्हणजे हबातली बाहेरची रिंग, बदलायचा कंटाळा करू नका. झिजलेल्या कपात नवे रोलर लवकर खराब होतात. जुना कप पितळी पंचानं आळीपाळीनं समोरासमोर ठोकून काढा. नव्याचं रुंद तोंड हबच्या बाहेरच्या बाजूला हवं. तो सरळ ठोका. तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलून टणक येतो. कप हबात हातानं फिरत असेल तर पंचाच्या खुणा मारून काम चालवू नका. ती पकड टिकत नाही. हब लेथवर नेऊन स्लीव्ह (आतून बसणारी धातूची नळी) बसवा किंवा हबच बदला.

लिथियम ईपी-2 (जास्त भार सोसणारं) ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरमधून दुसऱ्या बाजूला ग्रीस निघेपर्यंत. हबातली मोकळी जागा निम्म्याहून जास्त भरू नका. ठासून भरलेलं ग्रीस तापतं आणि सील बाहेर ढकलतं. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, वेगळ्या जातीचं त्यात मिसळू नका. सील नवंच घ्या. जुनं काढण्याआधी त्याची ओठाची (रबराच्या पातळ कडेची) बाजू कुठे होती ते बघून ठेवा.

खरं कसब नट लावण्यात आहे. चाक दोन्हीकडे फिरवत, ते जड होईपर्यंत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट साधारण एक षष्ठांश फेरा सैल करून जवळच्या खाचेत पिन घाला. चाक मोकळं फिरावं, प्ले जेमतेम जाणवावा. खाच जुळत नसेल तर नट आणखी सैल करा, आवळू नका. पिन नवी घ्या; खिळा किंवा तार चालत नाही.

रिकामी ट्रॉली 5-10 किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट पुन्हा बघा. 50 किलोमीटरनंतर प्ले तपासा, चाकाचे नट आवळा. लांबून आलेली ट्रॉली तशीच ओढ्यात धुवायला घालू नका: गरम हब पाण्यात पटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं.