सीमाभागातील ऐतिहासिक स्थळे कशी पाहावीत : कृष्णाकाठापासून पारगड-हलशीपर्यंत

कोल्हापूर, बेळगाव आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात, त्या पट्ट्यातील देवळे आणि किल्ले पाहायला निघणारे बहुतेक जण महाराष्ट्रातील स्थळांची एक यादी करतात, कर्नाटकातील स्थळांची दुसरी करतात आणि दोन वेगवेगळ्या सहली आखतात. ही पद्धत सोयीची वाटली तरी त्यामुळे या प्रदेशाचा इतिहास मधोमध तुटतो. आज नकाशावर दिसणारी राज्यांची सीमा प्रामुख्याने १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतून आली. त्या दिवशी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडण्यात आला. शिलाहारांनी देऊळ बांधले, कदंबांनी राजधानी वसवली किंवा शिवछत्रपतींनी गड उभारला, तेव्हा ही रेघ अस्तित्वातच नव्हती. म्हणून प्रवास आखताना राज्याऐवजी नदी, घाट आणि राजवंश यांचा माग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मांडणी त्याच विचाराने केलेली आहे.

आधी हंगामाविषयी. आंबोली, चंदगड आणि खानापूरचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर येतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, धुक्यात दहा पावलांवरची तटबंदी दिसत नाही आणि कृष्णेला पूर आला की शिरोळ तालुक्यातील रस्तेच बंद होतात. धबधब्यांसाठी पावसाळ्यात जरूर यावे, परंतु कोरीव काम आणि गडांची बांधणी पाहायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत. त्यातही १ नोव्हेंबर हा दिवस शक्यतो टाळावा. त्या दिवशी बेळगावात राज्योत्सवाची मिरवणूक असते, मराठी भाषक काळा दिवस पाळतात आणि शहरातील वाहतुकीवर त्याचा परिणाम होतो. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या एसटी हद्दीवरच थांबवल्या जातात, हेही ध्यानात असू द्यावे. निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी केली तर बहुतेक अडचणी टळतात.

प्रवासाची सुरुवात खिद्रापूरपासून करावी. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या हद्दीला अगदी खेटून असलेल्या या गावात शिलाहारांच्या काळातील, बाराव्या शतकातील कोपेश्वर मंदिर आहे. नृसिंहवाडीचे दर्शन आटोपून तासाभरासाठी इकडे वळणारे पुष्कळ असतात, परंतु एवढा वेळ या देवळाला पुरत नाही. सकाळी लवकर पोहोचावे आणि आत जाण्याची घाई न करता आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. देवळाचा पाया ज्यावर पेललेला आहे ते हत्तींचे थर, म्हणजे गजपट्ट, गुडघ्यावर बसून पाहावे. प्रत्येक हत्तीची झूल, साखळी आणि पाठीवरचा देव वेगळा आहे, हे उभ्याने चालत गेल्यास कळत नाही. दक्षिण दाराजवळ बाहेरच्या भिंतीत देवगिरीच्या सिंघण यादवाचा देवनागरी लिपीतील संस्कृत शिलालेख आहे. शके ११३६ चा हा लेख देवस्थानाला दिलेल्या दानाची नोंद करतो. या देवळातील बाकीचे लेख कन्नडमध्ये आहेत. एकाच देवळाच्या दगडांवर दोन लिपी शेजारी शेजारी नांदताना पाहणे, हा या प्रदेशाची ओळख करून घेण्याचा सर्वांत उत्तम आरंभ होय.

त्यानंतर स्वर्गमंडपात जावे. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाला मधोमध छत नाही, तिथे एक वर्तुळाकार मोकळी जागा ठेवलेली आहे आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढ्याच आकाराची एकसंध गोल शिळा बसवलेली आहे. वर्तुळाच्या कडेने बारा खांब उभे आहेत. शिळेच्या मध्यावर उभे राहून वर पाहिले की खांबांचे माथे, त्यावरच्या तुळया आणि आभाळाचा गोल तुकडा हे सारे एका केंद्रावर येते. उन्हाचा कवडसा दिवसभर मंडपात फिरत राहतो, म्हणून तास-दीड तासाच्या अंतराने दोनदा इथे यावे. पहिल्या खेपेला सावलीत गेलेली शिल्पे दुसऱ्या खेपेला उजळलेली सापडतात. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या झरोक्याच्या माथ्यावर येतो तेव्हा मोठी गर्दी होते, त्यामुळे ज्यांना शांतपणे अभ्यास करायचा आहे त्यांनी दुसरा दिवस निवडावा.

गाभाऱ्यासमोर नेहमीच्या जागी नंदी दिसत नाही, याकडे आवर्जून लक्ष द्यावे. कोपेश्वराचा नंदी नदीपलीकडे येडूर येथे आहे, असे इथले लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. येडूर आज बेळगाव जिल्ह्यात येते. देव एका राज्यात आणि त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात, असे हे दैवत आहे. खिद्रापूर पाहून त्याच दिवशी येडूरला जावे. वीरभद्राचे मोठे देवस्थान तिथे असल्यामुळे वर्दळ असते आणि रस्त्याने विचारत गेले तरी पोहोचता येते.

कृष्णाकाठ सोडून राष्ट्रीय महामार्गाने निपाणी, संकेश्वर असे दक्षिणेकडे आले की हिरण्यकेशीचे खोरे लागते. आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करत घटप्रभेला मिळणारी ही नदी या भागातील प्रवासासाठी सर्वांत चांगली वाटाडी आहे. संकेश्वरहून गडहिंग्लजला वळावे आणि तिथून जवळच असलेला सामानगड पाहावा. गड चढायला सोपा आहे, वर वाहन जाते, म्हणून पुष्कळ लोक भीमसासगिरीचा मारुती आणि तटावरून दिसणारा देखावा एवढ्यावरच समाधान मानतात. खरे पाहण्याजोगे आहे ते जमिनीच्या खाली. जांभा दगड खोल कापून काढलेल्या विहिरी, त्यांत उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायऱ्यांवरच्या कमानी यांतून डोंगरमाथ्यावरील शिबंदीच्या पाण्याचा विचार किती बारकाईने केला होता ते समजते. उतरताना चपला नव्हे तर पकड असलेले बूट घालावेत आणि पाण्यालगतची शेवटची पायरी टाळावी, कारण तिथे जांभा कायम ओला असतो. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा आठव्या शतकातील प्रसिद्ध ताम्रपट याच सामानगडचा, आणि १८४४ साली इंग्रजी अंमलाविरुद्ध गडकऱ्यांनी जे बंड केले त्याची ठिणगीही इथेच पडली. अकराशे वर्षांचा एवढा पल्ला एका छोट्या गडावर उभे राहून डोळ्यांपुढे आणता येतो.

सामानगडानंतर नेसरीला जावे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, सरनोबत प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण कामी आले, ती खिंड नेसरीजवळ आहे. तिथे स्मारक उभे आहे. स्मारकापाशी न थांबता खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या उतारांकडे नीट पाहावे, कारण लढाईची जागा समजून घेण्यासाठी फलकापेक्षा जमीनच अधिक बोलते. येथे मुलांना घेऊन येणाऱ्यांनी त्याआधी प्रतापरावांनी उमराणीला बहलोलखानाला कोंडीत पकडून सोडून दिल्याचा आणि त्यावरून महाराजांचा रोष ओढवून घेतल्याचा प्रसंगही सांगावा, नाहीतर प्रतापरावांच्या मनातील सल त्यांना उमगणार नाही.

चंदगड तालुक्यात महिपालगड, गंधर्वगड, कलानिधीगड आणि पारगड असे चार किल्ले आहेत. चारही एका दमात करण्याचा अट्टहास धरू नये. वेळ कमी असल्यास महिपालगड आणि पारगड हे दोन निवडावेत. महिपालगडाच्या पायथ्याशी देवरवाडीला वैजनाथाचे प्राचीन देऊळ आहे आणि गडावर गाव नांदते आहे. इथून बेळगाव शहर इतके जवळ आहे की गडावरील लोकांचा रोजचा बाजारहाट तिकडेच चालतो.

पारगडासाठी मात्र पूर्ण दिवस ठेवावा. गोवा आणि तळकोकणावर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास हा गड बांधला आणि तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांना किल्लेदार नेमले. चंद्रसूर्य असेतोवर गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा असल्याची परंपरा गडावर सांगितली जाते आणि मालुसरे, शेलार अशा घराण्यांची माणसे आजही तिथे राहतात. वाहनाचा रस्ता झालेला असला तरी पायऱ्यांच्या वाटेने चढावे, म्हणजे गडाचा नैसर्गिक कडा कसा राखला आहे ते कळते. वर भवानीचे मंदिर आणि तलाव आहेत, हॉटेल नाही. ज्यांना जेवायचे असेल त्यांनी गावात आधी सांगून ठेवावे, किती माणसे येणार ते नेमके कळवावे आणि शिजवलेल्या अन्नाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. वाड्यांचे फोटो काढताना घरमालकाची परवानगी घ्यावी. लोक राहत असलेला गड हे एक जिवंत गाव असते, त्याला संग्रहालयासारखे वागवू नये.

चंदगडहून शिनोळीमार्गे बेळगाव गाठावे. पाट्यांवर आता बेळगावी असे नाव दिसते, मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी बेळगावच आहे, तेव्हा नकाशावर शोधताना दोन्ही नावे वापरून पाहावीत. एसटीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्राच्या गाडीतील महिला आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते. पुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे पडते, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत.

बेळगावच्या भुईकोट किल्ल्यात रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचीराज याने १२०४ साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, ही या संपूर्ण प्रवासातील माझ्या मते सर्वांत देखणी वास्तू आहे. मुखमंडपाच्या छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ पाहण्यासाठी खांबाला पाठ टेकून बसावे आणि नजर बाहेरच्या कडेकडून मध्याकडे नेत जावी. पाकळ्यांमध्ये बहात्तर तीर्थंकर कोरलेले आहेत, भूतकाळाचे चोवीस, वर्तमानाचे चोवीस आणि भविष्यकाळाचे चोवीस. खांब आरशासारखे गुळगुळीत आहेत, परंतु त्यांना हात लावून पाहण्याचा मोह आवरावा. बस्ती हे नित्यपूजेचे स्थान असल्याने चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात. याच किल्ल्यात असदखान लारीने सोळाव्या शतकात बांधलेली साफा मशीद आहे आणि १८९२ साली बेळगावात आलेल्या स्वामी विवेकानंदांच्या मुक्कामाची स्मृती जपणारा रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे, पहारेकऱ्याने अडवल्यास वाद न घालता परतावे आणि लष्करी इमारतींकडे कॅमेरा वळवू नये. शहरात टिळकवाडीला काँग्रेस विहीर आणि वीरसौध पाहावे. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते डिसेंबर १९२४ मध्ये याच जागी भरले आणि ही विहीर त्या अधिवेशनाच्या पाण्याच्या सोयीसाठी खोदली गेली.

शेवटचा टप्पा कदंबांचा. बेळगावहून खानापूर आणि तिथून हलशी असा रस्ता आहे. मिरज-लोंढा लोहमार्गावर खानापूर स्थानक असल्याने रेल्वेनेही येता येते. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, आद्य कदंबांची दुय्यम राजधानी. गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात उभारलेल्या भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. भूदेवीला उचलून धरलेला वराह ज्या गाभाऱ्यात आहे तिथे पुजाऱ्यांना विनंती करून समईचा उजेड थोडा वाढवून घ्यावा, फ्लॅश वापरू नये. खानापूर तालुक्यात मराठी सर्रास चालते, मात्र इथून पुढे कित्तूरकडे निघाल्यावर कन्नड उपयोगी पडते. चार वाक्ये लिहून घेऊन गेलेल्या माणसाशी लोक फार आपुलकीने वागतात. कित्तूरजवळच्या देगावला कदंब राणी कमलादेवीने बांधवलेले तीन गाभाऱ्यांचे कमलनारायण मंदिर आहे. हलशी आणि देगाव एकाच दिवशी पाहिल्यास एकाच घराण्याच्या दोन देवळांची तुलना ताजी असताना करता येते.

वाटेत नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. १८३१ साली इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिली. अपत्यासाठी नवस बोलणारे लोक समाधीपाशी लहान लाकडी पाळणे बांधतात, त्यांना धक्का लावू नये. कित्तूरच्या किल्ल्यात राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय आहे. ऑक्टोबर १८२४ मधील तिच्या विजयाच्या स्मरणार्थ २३ ते २५ ऑक्टोबरला तिथे उत्सव भरतो. त्या काळात कित्तूर पाहायचे असल्यास मुक्काम बेळगाव किंवा धारवाडला ठेवावा. खानापूरच्या जंगलातील भीमगड मात्र या प्रवासात धरू नये. तो अभयारण्यात आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय तिकडे जाता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावरही स्थानिक वाटाड्यासह त्याच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.