जुन्या सिंथचा जिवंत आवाज लॅपटॉपवर

1970च्या मिनीमूग या सिंथमध्ये (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर घडवणारं वाद्य) सूर व्होल्टेजवर ठरतो आणि उष्णतेने सरकतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45ला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत असं यंत्र लावलं तर दर गाण्याआधी ट्यूनिंग आलंच. अर्धा तास चालू ठेवून मगच 440 हर्ट्झ या प्रमाण स्वराला जुळवा. कूलरचा झोत थेट त्यावर नको.

1983 साली मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडणारी डिजिटल भाषा) आली, यामाहाचा डीएक्स7 हा डिजिटल सिंथ आला. सूर आकड्यांत बसला आणि हलायचा थांबला. अहिराणी लग्नगीताची धून सॉफ्टवेअरमध्ये प्लास्टिकसारखी वाजते, ती बरीचशी त्यामुळेच. तो हलता सूर परत आणायला सॉफ्टवेअर सिंथमध्ये दोन सॉ-टूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखी लहर देणारे स्वरजनक) घ्या, दुसरा 6 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढवा. 440 हर्ट्झच्या स्वरावर आवाजाच्या चढ-उताराची सेकंदाला साधारण दीड लाट ऐकू येईल. 12 सेंट केलेत तर लाटा तीन होतात आणि धून बेसूर भासते. मग लो-पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण सूर कापणारा) 1,200 हर्ट्झच्या आसपास ठेवून कानाने हलवा. आकडा फक्त सुरुवातीपुरता.

वाजवताना बफर (लॅपटॉप आवाजाचे जितके तुकडे, म्हणजे सॅम्पल, एका वेळी साठवतो तो आकडा) 128 सॅम्पल ठेवा. सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या रेटला 512 म्हणजे जवळपास 11 मिलिसेकंद, बोट पुढे अन् आवाज मागे. कडकड आली तर 256 करा.

खरा सिंथ रेकॉर्ड करायचा तर लाइन इनपुट, 24 बिट, सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाजाचं शिखर उणे 12 डेसिबलपर्यंत. घुंss असा आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर दोन्ही यंत्रं एकाच विजेच्या बोर्डावर लावा. अर्थिंगची पिन मात्र तोडू नका.