नाटकातल्या पात्रांचे प्रकार ओळखताना या चुका टाळा

पात्रांवरचं उत्तर लिहिताना बरेच विद्यार्थी पहिल्याच ओळीत शिक्का मारतात: नायक, खलनायक, सोशीक पत्नी. मग उरलेलं उत्तर तो शिक्का खरा ठरवण्यातच जातं. पात्र काय करतं ते आधी पाहा, प्रकार मागाहून ठरवा.

नायक सद्गुणीच असतो असं धरणं

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा नायक सुधाकर. तो व्यसनात बुडतो, संसाराची धूळधाण करतो, तरी नाटक त्याच्याच निर्णयांनी पुढे सरकतं, म्हणून तो नायक. तळीरामाला सरसकट खलनायक म्हणणंही मला पटत नाही. दारूची वाट तो दाखवतो हे खरं, पण कोर्टातल्या अपमानाने दुखावलेला सुधाकराचा अहंकार नसता, तर त्याचं काही चाललं नसतं. इथला खरा झगडा सुधाकराच्या मनातच आहे.

एकपदरी पात्राला कच्चं समजणं

सपाट (एकपदरी) आणि गोलाकार (बहुपदरी) पात्रं ही विभागणी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये मांडली, पण सपाट पात्रांना कमी लेखलं नाही. डिकन्सची पात्रं बहुतेक सपाट असूनही त्यांच्यात माणूसपण जाणवतं, असं त्यांनी आवर्जून नोंदवलं. तळीरामही एकाच सुरातला. आर्य मदिरा मंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्याचे, प्रवेश रंगतात ते त्या एका सुरामुळेच.

बहुपदरी आणि बदलणारं यांत गल्लत करणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी घ्या. सखारामने लग्नाशिवाय घरात ठेवलेली, देवभोळी, मार खाणारी, मुंगळ्याशी गप्पा मारणारी बाई. शेवटी तीच, आपल्यानंतर घरात आलेल्या चंपाबद्दल सखारामचे कान भरते आणि त्याच्या हातून चंपाचा खून झाल्यावर, तो सुन्न उभा असताना, प्रेत पुरायचं सुचवते. यावर 'लक्ष्मी पूर्ण बदलते' असं लिहून टाकायचा मोह होतो. पण पहिला अंक पुन्हा वाचा. सखारामचा मित्र दाऊद मुसलमान म्हणून त्याने गणपतीची आरती म्हणू नये, असा हट्ट ती धरते. सखाराम मारतो, तरी मागे हटत नाही. तिच्या धर्मनिष्ठेतला कठोरपणा तेव्हापासूनच आहे. आपल्याला तो उशिरा पुरता दिसतो. म्हणून माझ्या मते लक्ष्मी बहुपदरी आहे, पण मुळातून बदललेली नाही. शंका आली की इतकंच तपासा: शेवटच्या कृतीचं बीज आधीच्या प्रवेशांत सापडतं का? सापडलं तर बहुधा ते पात्राचं उलगडणं असतं. सापडलं नाही, तर माणूस नेमका कोणत्या प्रसंगाने बदलला ते उत्तरात दाखवावं लागतं.

रंगमंचावर न येणारी पात्रं सोडून देणं

'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये प्रोफेसर दामले एकदाही दिसत नाहीत, पण शिक्षिका बेणारेबाईंवरच्या अभिरूप खटल्याचं मूळ त्यांच्यापाशी आहे: बाईंच्या पोटातलं मूल त्यांचं. पात्रांच्या यादीत त्यांना जागा द्या, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त बाईच का उभी आहे, याबद्दलही दोन ओळी लिहा.