मशरूमच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर आधी डबी उलटी करा

रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, टर्की टेल, चागा. ही नावं आता मेडिकलच्या काउंटरवरही दिसतात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतही. सल्ले मात्र दोनच मिळतात. एक, "घ्या हो, नैसर्गिक आहे, काही होत नाही." दुसरा, "सगळं थोतांड." दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी डबीची मागची बाजू वाचलेली नसते. ओळखीतले लोक माझ्याकडे अशा डब्या घेऊन येतात, त्यांना मी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: कशासाठी घ्यायचंय ते ठरवा

"इम्युनिटीसाठी" हे उत्तर मी मोजत नाही. नेमकं काय हवंय ते कागदावर लिहा आणि त्या मशरूमबद्दल माणसांवर काय तपासलं गेलंय ते बघा. उंदरांवरचे आणि परीक्षानळीतले प्रयोग सध्या बाजूला ठेवा.

लायन्स मेनची बहुतेक जाहिरात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीवर उभी आहे. स्मरणशक्ती किंचित कमी झालेले, ५० ते ८० वयाचे ३० जण त्यात होते. निम्म्यांना रोज ३ ग्रॅम पूड १६ आठवडे दिली. त्यांचे चाचणीतले गुण इतरांपेक्षा सुधारले आणि पूड बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. निकाल आशादायक आहे, पण माणसं फक्त तीस. बारावीच्या मुलाला परीक्षेआधी ही कॅप्सूल द्यावी, असं त्यातून अजिबात निघत नाही.

टर्की टेलपासून काढलेल्या पीएसके या पदार्थाला जपानमध्ये १९७० च्या दशकात कर्करोगाच्या उपचारांच्या जोडीला वापरण्याची मान्यता मिळाली. तो शुद्ध केलेला पदार्थ होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, केमोथेरपीसोबत दिला जायचा. दुकानातली टर्की टेलची कॅप्सूल म्हणजे पीएसके नव्हे.

रेशीवर सगळ्यांत जास्त बोललं जातं. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये रेशीने साखर किंवा कोलेस्टेरॉल खाली येतं का, याचा कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१५ मध्ये आढावा घेतला. तसा पुरावा मिळाला नाही. कर्करोगाबद्दलच्या त्यांच्या आढाव्याचा सूरही सावधच आहे: मुख्य उपचार म्हणून नाही, जोडीला दिल्यास काही फायदा असू शकेल. शेजारच्या काकू गॅनोडर्माची कॉफी विकताना यातलं काही सांगत नाहीत. गॅनोडर्मा म्हणजे रेशीच.

कॉर्डिसेप्स दमसासासाठी घेतात. त्यावरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. चागावर माणसांतला पुरावा जवळपास नाहीच.

कोकणात फणसाच्या खोडावरची लाकडासारखी कठीण आळंबी उगाळून तोंड आल्यावर लावायची जुनी पद्धत आहे. ती पद्धत वरून लावण्याची आहे. तिच्या आधारावर महिनोन्‌महिने कॅप्सूल गिळण्याचं समर्थन करू नका.

पायरी २: आधी डॉक्टर, मग दुकान

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेहाची औषधं असतील, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, केमोथेरपी सुरू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी चागाच्या वाटेला जाऊ नये. त्यात मूत्रपिंडात साचणारा ऑक्झलेट हा क्षार भरपूर असतो. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

पायरी ३: डबीत मशरूम आहे की धान्य, ते शोधा

या पायरीवर मी स्वतः बराच काळ अडले होते. अनेकदा लेबलवर खोटं काही लिहिलेलं नसतं आणि तरीही त्यातून काही कळत नाही.

गोम अशी आहे. आपण ज्याला मशरूम म्हणतो ते बुरशीचं फळ, लेबलच्या भाषेत 'फ्रूटिंग बॉडी'. त्याआधी पसरतं ते बुरशीचं पांढरं जाळं, म्हणजे 'मायसेलियम'. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पिकवणाऱ्या कुणालाही विचारा, स्पॉनची पिशवी म्हणजे काय ते तो दाखवेल: उकडलेले गहू किंवा ज्वारी आणि त्यांना घट्ट धरलेली पांढरी बुरशी. आता ती पिशवी तशीच वाळवून दळली तर? काही कंपन्या साधारण हेच करतात. त्या ओट्स किंवा ब्राउन राइस वापरतात. जाळं दाण्यात इतकं शिरलेलं असतं की ते वेगळं काढता येत नाही, त्यामुळे कॅप्सूलमध्ये धान्याचा स्टार्च येतोच. 'मायसेलियल बायोमास', 'मायसेलिएटेड ब्राउन राइस', 'फुल स्पेक्ट्रम' असे शब्द दिसले की सावध व्हा. घटकांच्या यादीत धान्याचं नाव असेल तर डबी परत ठेवा.

मायसेलियम मुळातच टाकाऊ असतं, असं सांगणारेही अर्धंच सांगतात. लायन्स मेनच्या जाळ्यात एरिनासिन नावाची संयुगं असतात आणि टाकीत, द्रवात वाढवलेलं जाळं गाळून वेगळं करता येतं. तक्रार धान्याबद्दल आहे. द्रवात वाढवलंय असं कंपनी लिहून देत असेल तर माझी हरकत नाही.

दुसरा सापळा 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' हा. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, आणि स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच आहे. अर्काची पूड सुटी राहावी म्हणून घातलेलं, स्टार्चपासून बनवलेलं माल्टोडेक्स्ट्रिनही त्याच आकड्यात मोजलं जातं. म्हणून हा आकडा मी वाचतच नाही. मशरूमच्या पेशीभित्तीतला कामाचा घटक म्हणजे बीटा-ग्लुकन, त्याची टक्केवारी वेगळी लिहिलेली हवी. फळापासून काढलेल्या अर्कात ती २० च्या पुढे असेल तर मी पुढचं वाचते. लिहिलेलीच नसेल तर कंपनीला ईमेल करते. उत्तरात पुन्हा पॉलिसॅकराइडचाच आकडा आला, तर विषय संपला.

तिसरा सापळा '१०:१ अर्क'. दहा किलोपासून एक किलो, ऐकायला भारी. पण दहा किलो ओले की वाळलेले? ताज्या मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असतं. म्हणजे नुसतं उन्हात वाळवलं तरी १०:१ होतं!

अर्क कसा काढला हेही बघा. बीटा-ग्लुकन गरम पाण्यात उतरतात. रेशीतले ट्रायटर्पीन, म्हणजे तिला कडू चव देणारे घटक, पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. म्हणून रेशी दोन्ही पद्धतींनी काढलेली घ्या आणि कॅप्सूल उघडून चिमूटभर जिभेवर ठेवा. ती चांगली कडू लागायला हवी. गोडसर किंवा पिठूळ लागली तर ती रेशी कमी आणि भर जास्त.

आता घरची चाचणी. अर्धा चमचा पूड कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. 'पूर्ण' यावर माझा जोर आहे, कारण गरम पाण्यात स्टार्च असूनही रंग दिसत नाही आणि लोक खूश होऊन मोकळे होतात. शेजारी दुसऱ्या कपात भाताची पेज पाणी घालून ठेवा. दोन्हींत जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पेज निळी-काळी होईल. मशरूमचं पाणी तपकिरीच राहिलं तर ठीक, पेजेसारखं झालं तर तुम्ही धान्याचे पैसे दिलेत. रेशी आणि चागाचं पाणी मुळात गडद असतं, ते आधी पाणी घालून फिकं करा, नाहीतर काहीच ओळखता येत नाही. डबीत व्हिटॅमिन सी मिसळलेलं असेल तर ही चाचणी करू नका, ते आयोडीनचा रंग घालवतं. आणि माल्टोडेक्स्ट्रिन यात हमखास पकडलं जाईलच असं नाही, म्हणून चाचणीत पास झालेल्या डबीचंही लेबल वाचावंच लागतं. चाचणी केलेलं पाणी पिऊ नका, बेसिनमध्ये ओता.

हा सगळा खटाटोप का, असं विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ सप्लिमेंटची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळणारी निघाली फक्त ५.

कॉर्डिसेप्सबद्दल एक जादा सूचना. डबीवर सुरवंटातून उगवलेल्या कीडाजडीचं, म्हणजे हिमालयातल्या जंगली कॉर्डिसेप्सचं, चित्र असेल तर हसा आणि पुढे चला. ती उत्तराखंडमधल्या पिथोरागडच्या वरच्या कुरणांत गुडघ्यांवर रांगत शोधावी लागते आणि किलोला लाखो रुपये मोजून विकली जाते. तुमच्या हजार-बाराशेच्या डबीत ती नसणार. प्रयोगशाळेत पिकवलेलं कॉर्डिसेप्स मिलिटारिस घ्या, ते प्रामाणिक असतं. त्यावर कॉर्डिसेपिनचं (त्यातल्या मुख्य संयुगाचं) प्रमाण लिहिलेलं असेल तर उत्तम.

पायरी ४: बॅचचा अहवाल मागा

मशरूम जमिनीतले आणि भुशातले जड धातू शोषून घेतात. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि जंतू, एवढ्यांचे आकडे हवेत. अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा हवा आणि त्यावरचा बॅच नंबर तुमच्या डबीवरच्या नंबराशी जुळायला हवा. दोन वर्षांपूर्वीचा एकच अहवाल सगळ्यांना पाठवणाऱ्या कंपन्या असतात.

पायरी ५: परवाना आणि दावे

एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी नंबर फॉसकॉस या त्यांच्याच परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. सप्लिमेंटवर ते औषधी उपयोगासाठी नसल्याचं लिहिलेलं असायला हवं. त्याच डबीवर किंवा विकणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर "मधुमेह मुळापासून बरा" असेल, तर कर्करोग, मधुमेह अशा आजारांच्या इलाजाच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्याला सांगा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबतं.

पायरी ६: डबीचा नव्हे, दिवसाचा खर्च काढा

लायन्स मेनच्या त्या चाचणीत रोज ३ ग्रॅम पूड होती. ५०० मिलिग्रॅमच्या साध्या पुडीच्या कॅप्सूल असतील तर दिवसाला सहा. साठ कॅप्सूलची डबी दहा दिवसांत संपते. रोज एक घ्या असं लिहिणारी कंपनी मग कशाच्या भरवशावर बोलते? अर्काचा हिशोब वेगळा होतो, तिथे बीटा-ग्लुकनचे मिलिग्रॅम मोजा आणि रुपयांनी भागा. आणि केवळ बीटा-ग्लुकनच हवे असतील, आजार वगैरे काही नसेल, तर आठवड्यातून दोनदा धिंगरी किंवा शिताकेची भाजी करा. शिताके मात्र नीट शिजवा. कच्ची राहिली तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं.

पायरी ७: एका वेळी एकच

पाच मशरूमचं मिश्रण घेऊ नका. पोट बिघडलं किंवा अंगाला खाज आली तर कोणामुळे ते कळणार नाही. जेवणासोबत, कमी मात्रेने सुरू करा. डोळे पिवळसर दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर; रेशीच्या पुडीनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पायरी १ मध्ये कागदावर लिहिलेल्या गोष्टीत तीन महिन्यांत फरक नसेल तर दुसरी डबी आणू नका.

पायरी ८: साठवण

अर्काची पूड ओल धरते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, कोरड्या चमच्यानेच काढा. गुठळ्या होऊन वास बदलला असेल तर फेकून द्या.