चाळिशीत बालपट बघायचा तर

लहान मुलांचा हिंदी फँटसी पिक्चर लागला की घरातली मोठी माणसं दोनच गोष्टी करतात, एकतर मोबाईल काढून बसतात नाहीतर दर दहा मिनिटांनी "हॅ, असं कुठं असतं का" म्हणत राहतात. मी दोन्ही बरीच वर्षं केलंय त्यामुळे सांगतेय, दोन्हीत पिक्चरचं वाटोळं होतं आणि शेजारी बसलेल्या पोराचंही.

पहिला गैरसमज काढून टाका, तो म्हणजे "असे पिक्चर बघताना लॉजिक बाजूला ठेवायचं". अजिबात नाही! लॉजिक लावायचंच, फक्त आपलं रोजचं नाही, त्या पिक्चरचं स्वतःचं. प्रत्येक जादूला एक नियम असतो, जादू आल्याबरोबर कुणीतरी तो सांगून टाकतं किंवा दाखवून देतं, तेवढा पकडायचा आणि मग शेवटपर्यंत पिक्चरला त्याच नियमावर धरून बसायचं. मिस्टर इंडिया (1987) मध्ये मनगटावर यंत्र घातलं की माणूस गायब, पण लाल उजेडात तो दिसतो. बास, एवढाच नियम. आता माणसाबरोबर त्याचा शर्ट कसा गायब झाला हे विचारत बसलात तर तीन तास फुकट गेले, पण सीनमध्ये लाल काहीतरी आहे का हे शोधायला लागलात की तुम्ही आपोआप सरसावून बसता. कोई मिल गया (2003) मधल्या जादू नावाच्या परग्रहावरच्या पाहुण्याला ऊन लागतं, मग आकाशात ढग आले की हिरोच्या आधी आपल्याला टेन्शन यायला पाहिजे. आलं तर तुम्ही बरोबर बघताय.

आणि नियम मोडला तर? तर खुशाल बोंबला. शेवटच्या मारामारीत हिरोला अचानक कुठूनतरी नवीनच शक्ती मिळाली आणि त्याबद्दल आधी कुणी एक अक्षर बोललं नव्हतं, ही तक्रार खरी. पोरंही हीच तक्रार करतात बरं का, त्यांना चीटिंग लगेच कळते, आपल्यालाच वाटतं की त्यांना काही पण चालतं.

मग येतं ग्राफिक्स. इथं सगळे मोठे फसतात कारण आजचे चकचकीत इफेक्ट्स बघून डोळे बिघडलेत, जुना पिक्चर लावला की "किती फेक दिसतंय" सुरू. त्याऐवजी "हे केलं कसं असेल" असं विचारून बघा, सगळा खेळच बदलतो. 1937 साली ख्वाब की दुनिया नावाचा पिक्चर आला, त्यात अदृश्य माणूस दाखवायचा होता, बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्यांनी वस्तू हलवल्या आणि इंडस्ट्रीत त्यांचं नावच पडलं काला धागा! आता हे माहीत झाल्यावर कुठल्याही अदृश्य माणसाच्या सीनमध्ये तरंगणारा ग्लास बघा, डोळे आपोआप दोरी शोधायला लागतात आणि दोरी दिसली नाही की मनातल्या मनात सलाम होतो. त्याच्याही आधी, 1919 मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कालिया मर्दनमध्ये स्वतःच्या लहान लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं होतं. म्हणजे घरातलंच पोर आणि हाताने केलेल्या करामती, हा धंदा आपल्याकडं पहिल्यापासून असाच चाललाय.

छोटा चेतन आठवतोय? मूळ मल्याळम पिक्चर 1984 चा, भारतातला पहिला थ्रीडी. त्यात गाण्यात मुलं भिंतीवर चढून सरळ छतावर चालतात. तिथं दोरी नाही की काही नाही, अख्खी खोलीच गोल फिरणारी बांधली होती आणि कॅमेरा तिच्याबरोबर फिरत होता, त्यामुळं पोरं खरंतर कायम खालीच चालतायत पण आपल्याला खोली स्थिर वाटते. हा सीन दोनदा बघायचा, एकदा गंमत म्हणून आणि एकदा मुलांचे पाय बघत. अजून एक, थ्रीडी पिक्चर घरच्या साध्या टीव्हीवर बघताना पात्रं सारखी काहीतरी वस्तू आपल्या तोंडासमोर आणतात आणि ते येड्यासारखं वाटतं. तो डायरेक्टरचा वेडेपणा नाही, चष्मा लावलेल्या थिएटरमधल्या पोरांनी हात पुढं करून ती वस्तू पकडावी म्हणून केलेलं असतं ते. तिथं एक काल्पनिक चष्मा लावायचा आणि पुढं जायचं.

गाणी पळवू नका. मोठ्यांची ही वाईट खोड. या पिक्चरमध्ये बऱ्याचदा जादूचा सगळा खर्च गाण्यातच केलेला असतो, वरचं भिंतीवर चालणं गाण्यातलंच आहे. अपवाद एकच, मिस्टर इंडियातलं निळ्या साडीचं गाणं, ते मुलांसाठी नव्हतंच, लहानपणी आम्ही त्या वेळात पाणी प्यायला उठायचो आणि आता कुणी उठत नाही, असो.

खरी मजा मात्र पुढं आहे. चांगल्या बालपटात मोठ्यांची एक गोष्ट लपवून ठेवलेली असते आणि लहानपणी ती आपल्या डोक्यावरून जाते. भूतनाथ (2008) मुलांसाठी भूत आणि बंकू नावाच्या पोराची दोस्ती आहे, बंकू भुताला घाबरतच नाही हा त्यातला जोक आहे, पण इंटरव्हलनंतर कळतं की हे भूत म्हणजे एक म्हातारा आहे, त्याचा मुलगा परदेशात निघून गेलाय आणि घर विकायची भाषा करतोय. हे वयाच्या दहाव्या वर्षी बोअर होतं. चाळिशीत, आईबाबा गावाकडं एकटे असताना, ते बघून बघा. तसंच मिस्टर इंडिया, लहानपणी मोगॅम्बो लक्षात राहतो आणि आता लक्षात राहतं ते घरभाडं, घरभर पोरांना खायला काय घालायचं, आणि त्या पोरांतली छोटी टीना. टीनाचं काय होतं ते सांगत नाही, पण तिथं गळा दाटला तर इकडंतिकडं बघू नका, शेजारचेही तेच करत असतात. तर बघताना एक काम करा, पिक्चरमधल्या एखाद्या मोठ्या माणसाला धरून ठेवा, व्हिलन नाही, साधा कुणीतरी, घरमालक, आई, खाटीक, आणि त्याच्या बाजूने गोष्ट कशी दिसते ते बघत चला.

आता मुलांबरोबर बघायचं असेल तर. एकदा आधी एकट्यानं बघून घ्या, कारण भीती कुठं आहे हे माहीत असलं की बरं पडतं आणि आपलं हसणं रडणंही आधीच उरकलेलं असतं. मग समजावून सांगणं बंद. "हे खरं नसतं हं बाळा" हे वाक्य तर नकोच, त्याला माहितेय. उलट तुम्हीच विचारा, आता काय होईल रे? आणि त्यानं सांगितलेलं चुकलं तरी मिटक्या मारत ऐका. घाबरलं तर पिक्चर बंद करायच्या आधी आवाज कमी करून बघा, निम्मी भीती बॅकग्राउंड म्युझिकचीच असते. लांबीही बघून घ्या, तीन तासांचा पिक्चर असेल तर सरळ इंटरव्हलला तोडून दोन दिवसांत बघायचा, काही बिघडत नाही.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी मकडी (2002) सांगते. छोटा आहे, विशाल भारद्वाजचा डायरेक्टर म्हणून पहिलाच, शबाना आझमी चेटकीण, आणि चुन्नी मुन्नी या दोन्ही जुळ्या बहिणी श्वेता बसू प्रसाद या एकाच मुलीनं केल्यात, त्यासाठी तिला नॅशनल अवॉर्ड मिळालं. नियम सोपा, जुन्या वाड्यात जो जातो तो जनावर होऊन बाहेर येतो. मुन्नीची कोंबडी होते आणि बहीण परत हवी असेल तर चुन्नीनं शंभर कोंबड्या आणून द्यायच्या. गावात खाटीकही आहे, म्हणजे कोंबडीचं काय होऊ शकतं ते तुम्हाला कळलंच असेल. दोघी बहिणींच्या चालण्यातला आणि नजरेतला फरक बघा, आणि वाड्याचा नियम शेवटपर्यंत लक्षात ठेवून बसा, कारण त्याचं शेवटी जे होतं त्यावर मी आणि माझा भाचा अजून भांडतोय.