भंगारातला लोखंडी रंधा पुन्हा कसा चालता करावा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात, गंजलेला लोखंडी रंधा कुठल्या ना कुठल्या पथारीवर सापडतोच. बरेच हौशी लोक तो घेतात, घासूनपुसून चकचकीत करतात आणि शोकेसमध्ये ठेवून देतात. गंज काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. रंध्याचा सगळा जीव पात्यात असतो आणि नेमकं तेच विजेच्या ग्राइंडरवर धरून जाळलं जातं. पायाने फिरवायच्या साणेवर हा धोका जवळजवळ राहत नाही, म्हणून मी त्याच वाटेने जायला सांगेन.

घेताना काय बघायचं

पहिला रंधा ५ नंबरचा घ्या. तो साधारण १४ इंच लांब असतो आणि पातं २ इंच रुंद. ४ नंबर ९ इंचाच्या आसपास. तो शेवटचा हात फिरवायला छान, पण एकच रंधा घ्यायचा तर ५ नंबरच. अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीने रूढ केलेले हे नंबर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने आणि आपल्याकडच्या कारखान्यांनीही जवळजवळ तसेच ठेवले. स्टॅनलीच्या रंध्यात फ्रॉगच्या मागे, म्हणजे पातं ज्या तिरक्या बैठकीवर टेकतं तिच्या मागे, १९०२च्या दोन आणि १९१०ची एक अशा तीन पेटंट-तारखा ओतलेल्या असतील, तर ते धूड साधारण १९१० ते १९१८ मधलं. विक्रेत्याला हे माहीत नसलेलं बरं.

पातं ज्या फटीतून बाहेर येतं तिच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि बाजूच्या भिंतींवर चीर आहे का, ते उजेडात धरून बघा. बीड तडकलं की वेल्डिंगचा भरवसा नाही. असा रंधा फुकट मिळाला तरी नको. मूठ तुटलेली चालेल, ती शिसवीची नवी करता येते. पात्याच्या सपाट बाजूला, म्हणजे पाठीला, धारेजवळ गंजाने खोल खड्डे पडले असतील तर नव्या पात्याचा खर्च धरूनच घासाघीस करा.

गंज आणि तळ

सगळे स्क्रू खोला. लाकडी आणि पितळी भाग वेगळे ठेवा. लोखंडी भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून लगेच कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा. दोन-दोन दिवस विसरू नका, व्हिनेगर गंजाबरोबर लोखंडही खातं.

तळ सपाट करायला जाड काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवा. तळावर मार्करने आडव्या रेघा ओढा. रंधा पूर्ण जोडून आणि लिव्हर कॅप, म्हणजे पातं दाबून धरणारं झाकण, कसून, फक्त पातं आत ओढून घ्या आणि मग घासा. कसलेला रंधा किंचित वाकतो आणि कामाच्या वेळी तो तसाच असणार आहे. पुढचं टोक, फटीच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा. मधे कुठे खळगा राहिला तर राहू दे.

पायडलची साण

जुन्या शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड भंगारात मिळतं. वरचं मशीन काढून तिथे जाड फळी बसवा. फळीवर दोन पेडेस्टल बेअरिंग (फळीला बोल्टने कसायची, पायाची बेअरिंग), त्यांत दांडा, दांड्यावर एका टोकाला ६ इंची साणेचं चाक आणि दुसऱ्या टोकाला छोटी पुली. दांडा चाकाच्या भोकाच्या मापाचा घ्या. चाक बसवण्याआधी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ टणत्कार आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे, फेकून द्या. पट्टा शिलाई मशीनचाच, गोल चामड्याचा.

खालचं मोठं चाक १२ इंची आणि वरची पुली ३ इंची असेल तर एका पायडलला साण चार वेळा फिरते. मिनिटाला ९० पायडल मारले तर ३६० फेरे. विजेचा साधा ग्राइंडर २,८०० च्या वर फिरतो. जुन्या कार्बन पोलादाचं पातं कडक केल्यावर साधारण २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून पाणी उतरवलेलं, म्हणजे ठिसूळपणा कमी केलेला असतो. ग्राइंडरवर कड पाहता पाहता ३०० च्या घरात जाते, निळी पडते आणि तेवढा भाग मऊ होतो. मग तो निळा भाग पूर्ण घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

एक खोड मात्र ध्यानात ठेवा: पायडल उलटाही फिरतो. साणेचा वरचा भाग तुमच्याकडे येत असला पाहिजे. आधी हाताने तसा फेरा द्या, पायाची लय बसू द्या, मग पातं टेकवा. चष्मा घाला. शेजारी पाण्याचा डबा असू द्या आणि पात्याच्या टोकाजवळ बोट ठेवा. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात.

पात्याच्या धारेकडच्या तिरक्या बाजूचा, म्हणजे उताराचा, कोन २५ अंशांचा हवा. कोनमापक नसला तर पट्टीने काम होतं: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या २.४ पट. पातं २ मिलिमीटर जाड असेल तर उतार ५ मिलिमीटरला थोडा कमी.

एवढा खटाटोप नको असेल तर सायकलवर साण घेऊन फिरणारा धारवाला अजून बऱ्याच गल्ल्यांत येतो. त्याचा हात कात्री-सुरीला सरावलेला, तो दोन्ही बाजू लावून मोकळा होईल. आधीच सांगा, ‘मामा, उताराचीच बाजू घासा, पाठीला हात लावू नका.’

शेवटची धार आणि जोडणी

पाठीचा धारेजवळचा इंचभर भाग १,००० नंबरच्या दगडावर आरशासारखा सपाट करा. मग उतार थोडा उचलून, ३० अंशांवर, १,००० आणि नंतर ६,००० च्या दगडावर घासा. पाठीकडून अंगठा कडेच्या बाहेर सरकवलात की बारीक खरखर लागते; ती पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. ती खरखर चामड्यावर मोडा.

चिप ब्रेकर, म्हणजे पात्याच्या पाठीवर कसायची दुसरी पट्टी, धारेच्या मागे १ मिलिमीटरवर कसा. उलट्या रेषांच्या लाकडाला आणखी जवळ. खोली ठरवताना पितळी चक्री नेहमी पातं बाहेर काढायच्या दिशेने फिरवूनच थांबा, नाहीतर आट्यांतल्या ढिलाईने पातं मागे सरकतं. पातं तिरकं आहे का, हे बघायला लाकडाची चिमटीएवढी काडी फटीच्या डाव्या आणि उजव्या टोकावरून ओढा आणि दोन्हीकडचे पापुद्रे सारखे होईतो वरची दांडी हलवत राहा.

पहिली परीक्षा सागवानावर घेऊ नका. त्यात सिलिका असते, धार लवकर बोथट होते आणि दोष रंध्याचा की लाकडाचा ते कळत नाही. पाइनच्या पेटीची फळी घ्या, रेषांच्या दिशेने रेटा, आणि पापुद्रा अखंड निघाला की मग सागवान.